अगाशीत वाळत घातलेले कागद

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. पाऊस थांबला होता, लाइट अजून आली नव्हती, आणि आमच्या अगाशीत जुन्या धोतराच्या पानांवर मी घरातले भिजलेले कागद मांडत बसले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेकडेने खलबत्ता, वरवंटा, पितळी तांबे ठेवले होते. खाली घरात बोटभर चिखल होता. कारेलीबागेतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला एकच वास येत होता, नदीचा आणि गटाराचा मिळून.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना ते दिवस सांगायला नकोत. सोमवारी जन्माष्टमी होती आणि पाऊस धरून बसला होता. आजवा तलावाचं पाणी चढत गेलं, विश्वामित्री नदी फुगली आणि पुढे पाण्याने ३५ फुटांचीही पातळी ओलांडली. धोक्याची खूण त्याच्या पुष्कळच खाली आहे. आमचं टेनामेंट बैठं, वर एकच खोली आणि अगाशी. पाणी दाराशी आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील.

त्या रात्रीचा अर्धा तास मी अजून विसरले नाही. ह्यांना वर न्यायचं होतं. वय तेव्हा एकाहत्तर, उजवा गुडघा गेलेला, २०१९ मध्ये स्टेंट बसलेला. पाचव्या पायरीवर हे बसले ते उठेचनात. इकडे पाणी उंबऱ्याच्या आत आलं आणि ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "अगं, मेन स्विच बंद कर!" मला मेन स्विच कुठे आहे ते माहीत नव्हतं. चौतीस वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. मीटरची पेटी माहीत होती, पण तिच्यातला कुठला खटका खाली ओढायचा, ओल्या हातांनी ओढायचा का, काही कळेना. हे पायरीवरून सांगत होते, मी टॉर्च धरून चाचपडत होते, आणि पाणी घोट्यापर्यंत आलं. शेवटी शेजारच्या भाईंचा मुलगा कुंपणावरून उडी मारून आला. त्याने स्विच पाडला, ह्यांना काखेत हात घालून वर नेलं आणि मला म्हणाला, "मासी, चिंता ना करशो, अमे छीए ने."

वर गेल्यावर दुसरी गोष्ट समजली. ह्यांच्या गोळ्या खालीच राहिल्या होत्या. गोळ्या रोज मी देते, ह्यांना एकाही गोळीचं नाव ठाऊक नाही. आणि मला? सकाळची पिवळी, दुपारची अर्धी, रात्रीची लाल पाकिटातली. मुलगा कॅनडातून फोनवर विचारत होता, "आई, बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी कोणती? नाव सांग, मी कुणाकडून तरी पोचवायची व्यवस्था करतो." नाव सांगता येईना. मोबाइलची बॅटरी सतरा टक्क्यांवर आली होती. ती गोळी ह्यांची दोन दिवस चुकली. स्टेंट असलेल्या माणसाची ती गोळी चुकणं किती धोक्याचं असतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

अगाशीत बसून कागद सुटे करताना हेच डोक्यात होतं. घराची अर्धी माहिती ह्यांच्याकडे आणि अर्धी माझ्याकडे. बँक, वेरा म्हणजे घरपट्टी, विमा, स्विच, गॅस बुक करणं, हे सगळं ह्यांच्याकडे. गोळ्या, स्वयंपाक, डॉक्टर, नातेवाइकांचे फोन, कामवाल्या बाईचा हिशोब माझ्याकडे. दोघं असेतो घर पूर्ण. पण दोघं एकाच दिवशी तर जाणार नाही. आमच्यातलं कुणीतरी एक मागे राहणार, आणि त्याच्या हातात अर्धंच घर असणार. माझ्या मते म्हातारपणाची खरी तयारी तिथून सुरू होते. पैशाचा विचार आम्ही नोकरीत असल्यापासून केला होता. हा विचार कधीच केला नव्हता.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली, तेव्हा ओले कागद कसे हाताळायचे ते मला येत होतं. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. कडक उन्हात टाकायची नाहीत, सावलीत वाऱ्यावर ठेवायची. मध्ये टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. जमलं तर भिजलेला गठ्ठा सरळ फ्रीझरमध्ये टाकायचा, म्हणजे बुरशी धरत नाही आणि सवडीने वाळवता येतं. आमचा फ्रीज आडवा होऊन चिखलात पडला होता, तो मार्ग बंद. एक गोष्ट मात्र पाहून ठेवण्यासारखी होती. सासऱ्यांच्या वेळचा घराचा दस्त, जाड कागदावर निळ्या-काळ्या शाईने लिहिलेला, जवळजवळ जसाच्या तसा निघाला. कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर काढलेल्या रंगीत प्रती धुऊन गेल्या. लॅमिनेट केलेली मुलांची प्रमाणपत्रं सगळ्यात वाईट झाली, कारण कडेने आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती.

कागद वाळवायचे म्हणजे एकेक हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की वाचला जातो. हे शेजारी खुर्चीवर बसले होते. मी वाचत गेले.

एका फिक्स डिपॉझिटला नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव. त्या २००९ मध्ये गेल्या. विम्याच्या एका पॉलिसीवर ह्यांच्या लग्नाआधीचं नॉमिनेशन. घराचा दस्त सासऱ्यांच्या नावावर, सासरे २००१ मध्ये गेले, आणि सिटी सर्व्हेच्या कार्डावर अजून त्यांचंच नाव. वेरा आम्ही भरतो, लाइट बिल ह्यांच्या नावावर, म्हणून घर आमचंच, असं आम्ही धरून चाललो होतो. "आता यात काय एवढं, घर काही कुठे जात नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, घर नाही जात, माणसं जातात.

माझ्या स्वतःच्या नावाची तर वेगळीच कथा होती. गुजरातमध्ये राहिलेल्या प्रत्येक मराठी बाईला हे ओळखीचं वाटेल. पेन्शनच्या कागदावर माझ्या नावापुढे काही नाही. रेशनकार्डावर नावाला 'बेन' जोडलेलं. आधारवर आडनाव आधी, नाव मग, शेवटी ह्यांचं नाव. सासूबाईंच्या काळातल्या एका बँक खात्यात 'बाई'. चार कागद, चार बायका. उद्या हे गेले आणि मी एकटी बँकेत उभी राहिले, तर आधी मीच मी आहे हे सिद्ध करावं लागणार. पहिलं काम म्हणून तेच केलं. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असा सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, नोटरीकडून करून घेतला, आणि मग आधारवरचं नाव पेन्शनच्या कागदाशी जुळवून घेतलं. बाकी ठिकाणं हळूहळू बदलत नेली. यातच अडीच महिने गेले. एका कचेरीत तर चार फेऱ्या झाल्या, दर वेळी खिडकीतला माणूस वेगळा आणि मागितलेला कागद वेगळा. चौथ्या फेरीला पायऱ्या उतरताना वाटलं, हे पंचाहत्तरीला जमलं नसतं. अशा फेऱ्या पायांत बळ आहे तोवरच मारून घ्यायच्या.

मग घर. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या आयुष्यातली एक चूक इथे उघडी पडली.

सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. वकिलांनी कागदावर आकृती काढून समजावलं. घर सासऱ्यांनी स्वतः कमावलेलं, म्हणून ते गेले तेव्हा त्याचे तीन सारखे भाग झाले: सासूबाई, हे आणि माझी नणंद. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा तिसरा हिस्सा पुन्हा दोघा भावंडांत सारखा वाटला गेला. म्हणजे आज घर अर्धं ह्यांचं आणि अर्धं नणंदेचं. आम्ही चौतीस वर्षं राहतोय, रंग लावतोय, वरची खोली आम्ही बांधली, आणि कायद्याने घर अर्धंच आमचं. तलाटीकडून पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करून घ्यायचा, वारसाईची नोंद करायची, आणि नणंदेने आपला हक्क सोडून दिला तरच घर एकट्या ह्यांच्या नावावर येईल.

"ती देईलच की सही करून," हे म्हणाले. "तिने कधी काही मागितलंय?"

नणंद सांगलीला असते. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. दिवाळीत ती आली, भाऊबीजेला ओवाळून झालं आणि हे कागद घेऊन बसले. तिने सगळे कागद चष्मा लावून वाचले. मग ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, मी सही करीन. पण मला माझं काहीतरी हवंय. तुम्ही इथे म्हातारपणाची तयारी करताय, माझंही म्हातारपण आहे ना."

ह्यांना ते लागलं. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मलाही पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. पण रात्री पडल्या पडल्या वाटत गेलं, तेवीस वर्षांत आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती मागत नाही हाच तिचा होकार समजत आलो होतो. भाऊबीजेच्या ताटात साडी ठेवली की तिचं सगळं देऊन झालं, असं आपल्याकडे किती घरांत चालतं. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. तिने सांगितलेला आकडा अर्ध्या घराच्या किमतीहून पुष्कळ कमी होता. एक डिपॉझिट मोडून आम्ही तो दिला. दस्त रजिस्टर झाला त्या दिवशी ती न्यायमंदिराजवळून जाताना ह्यांचा हात धरून चालत होती, ह्यांच्या गुडघ्यासाठी. आता ती आठवड्यातून दोनदा फोन करते, पूर्वी महिन्यातून एकदा करायची. घर नावावर झालं याहून मला त्याचं समाधान जास्त आहे. आणि हेही कळलं, की घराचा प्रश्न आमच्या मागे राहिला असता तर तो आमच्या मुलांच्या आणि आत्याच्या मध्ये उभा राहिला असता, आणि मग कदाचित कोर्टात.

नॉमिनीबद्दल एक गैरसमज आमच्यासारख्या शिकलेल्या घरातही होता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण ते वारसांपर्यंत पोचवायचे असतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हेच पुन्हा स्पष्ट केलं. नॉमिनेशन बदलायला बँकेत एक अर्ज पुरतो. आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, टक्के ठरवून. आम्ही दोन्ही मुलांची नावं घातली. पण पैसे शेवटी कुणाचे, हे मृत्युपत्रच ठरवतं.

मृत्युपत्राला हे सहा महिने टाळत होते. थेट नाही म्हणायचे नाहीत. "संक्रांत होऊ दे," "हा पितृपक्ष आहे, आत्ता नको," असं चालायचं. त्यांच्या वडिलांनी केलं नव्हतं, काकांनी केलं नव्हतं, केलं की माणूस जातो अशी एक भीती त्या घरात होती. मी वाद घातला नाही. माझं मृत्युपत्र मी आधी करून टाकलं. एका रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर, ह्यांच्यासमोर बसून साध्या फुलस्केप कागदावर लिहिलं. स्टँप पेपर लागत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार हवेत आणि आपण सही करताना त्यांनी पाहिलेलं हवं, किंवा सही आपलीच आहे असं आपण त्यांना सांगितलेलं हवं. मी साक्षीदार आमच्याहून वीस वर्षांनी लहान निवडले, कारण उद्या साक्ष द्यायला तेच हयात हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेतलं नाही. फॅमिली डॉक्टरांचं एक पत्र जोडलं, की बाई शुद्धीवर आणि विचार करायला समर्थ आहेत. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, तरी आम्ही केलं. त्याने पुढे शंका कमी निघतात. माझं झालं, मी त्यानंतर धडधाकट दहा दिवस हिंडले-फिरले, आणि अकराव्या दिवशी ह्यांनी विचारलं, "तुझ्याकडे अजून फुलस्केप आहेत का?"

दोघांच्याही मृत्युपत्रात सारखं एकच ठेवलंय: एक गेल्यावर सगळं दुसऱ्याचं, आणि दुसरा गेल्यावर मुलांचं. मुलांच्या नावावर घर आत्ताच करून देण्याचा सल्लाही एका नातेवाइकाने दिला होता. मी हात जोडून सांगते, हयातीत घर देऊन टाकू नका. मुलं कितीही चांगली असोत. आमची चांगलीच आहेत. पण आपल्या छपरावर आपला हक्क असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. ज्यांनी दिलंय त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. 'सांभाळ करीन' या अटीवर घेतलं आणि सांभाळलं नाही, तर त्या कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईची मालमत्ता अशीच परत मिळवून दिली. पण त्या आईला त्यासाठी दिल्लीपर्यंत भांडावं लागलं, ते लक्षात ठेवायचं. तशी अट दस्तात लिहिलेली असणं आपल्या हिताचं.

पैशाचं थोडक्यात. साठीनंतरच्या बचत योजनेत आता ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज खात्यात येतं. आमच्या ठेवीला ८.२ टक्के आहे. ह्यांची पेन्शन नगण्य, माझी बरी. सगळी खाती दोघांच्या नावे, दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी करून घेतली. ह्यांचं वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. त्याला उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार लागतं, बाकी काही नाही.

शरीराच्या बाबतीत मात्र पुराने आम्हाला कोड्यात टाकलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी खालच्या मजल्यावर राहावं, जिने टाळावेत, असं सगळेच सांगतात. आणि आमच्या नदीने सांगितलं, वर जाता आलं पाहिजे. मुलगी म्हणाली, हे घर विकून लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जा. तिचं चुकत नव्हतं. पण कामाठीबाग चालण्याच्या अंतरावर, शेजारी असे की कुंपणावरून उडी मारून येतात. लिफ्टवाल्या बिल्डिंगीत तसा शेजार परत जमवायला आम्हाला वीस वर्षं लागतील, आणि तेवढी आमच्याकडे नाहीत.

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या तेव्हा त्यांनी एक साधी चाचणी घेतली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक, त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका. मला दहा लागले. ह्यांना एकोणीस. हे गप्प झाले. बाईंनी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायला सांगितला, आणि जिना टाळायचा नाही, रोज दोनदा शिकल्यासारखा चढायचा असं सांगितलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं. शिवाय रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. पहिल्या आठवड्यात ह्यांना तीनदा जमायचं. चार महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेरा सेकंद. अजून बाराच्या खाली आलेले नाहीत.

बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवले, कमोडजवळ एक आणि नळाजवळ एक. टॉवेल टांगायच्या दांड्याला धरून लोक पडतात. तो वजनासाठी नसतो, भिंतीत खोल पक्का केलेला वेगळाच घ्यावा लागतो. वरच्या खोलीत सात दिवसांच्या गोळ्या, दोन बाटल्या पाणी, चार्जर, टॉर्च, आणि एक घडीची कमोड-खुर्ची. गोळ्यांची यादी नावानिशी, कशासाठी आणि केव्हा, दोघांच्या पाकिटात आणि फ्रीजच्या दारावर. मुलांच्या मोबाइलवर तिचा फोटो. रस्त्यात, घरात काही अडलंच तर ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबरही त्या यादीखाली आहे.

सगळ्यात अवघड कागद शेवटी केला. आजारपण परतीच्या पलीकडे गेलं, आपल्याला बोलता येत नाही, तेव्हा काय करायचं आणि काय नाही, हे आधी लिहून ठेवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये दिला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावं त्यात द्यायची. एक प्रत महानगरपालिकेच्या ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, एक डॉक्टरांकडे.

मला वाटलं होतं आम्ही दोघं एकच मजकूर लिहू. तसं झालं नाही. मी लिहिलं, व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, वेदना होऊ देऊ नका, आणि जमलं तर घरी आणा. हे बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि म्हणाले, "मला सगळं करून पाहायला हवं. निदान काही दिवस." माझ्या मनात आलं, मला हे माहीत असायला हवं होतं. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि ह्यांना मरणाबद्दल काय वाटतं ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. पुराच्या रात्री ह्यांना काही झालं असतं, तर मी माझी इच्छा ह्यांची समजून डॉक्टरांना सांगितली असती. ह्यांच्या कागदावर ह्यांच्याच शब्दांत लिहिलं: पंधरा दिवस पूर्ण प्रयत्न करा, मग मुलगी आणि डॉक्टर ठरवतील. मुलाला दोन्ही कागद व्हिडिओवर वाचून दाखवले. तो काही बोलला नाही, नुसता ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बाबा, तुमचा परत एकदा वाचा."

हे सगळं आता एका झाकणबंद प्लॅस्टिकच्या पेटीत, वरच्या खोलीत, माळ्यावर आहे. बरोबर एक दाखलवही. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, त्या गावात मी नोंदी करायला शिकले; त्या शिक्षणाचा उपयोग मला सगळ्यात जास्त आता झाला. प्रत्येक कागदाला क्रमांक, तो कशाचा, मूळ कुठे, प्रत कुणाकडे, आणि उद्या लागला तर कुठल्या खिडकीवर जायचं. शेवटचा रकाना मी मुद्दाम केला. 'एकट्याने करायचं झालं तर' असं त्याला नाव आहे. तिथे ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, मेन स्विच डावीकडून दुसरा, कोरडी चप्पल घाल, लाकडी काठीने पाड.

आणि गुरुवार. गेल्या जूनपासून गुरुवारी आम्ही कामं बदलतो. बँकेचं, बिलांचं, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं मी करते, हे शेजारी बसतात पण हात लावत नाहीत. पहिल्या वेळी वेरा भरताना मला पाऊण तास लागला आणि घामाने पदर ओला झाला. आता दहा मिनिटांत होतं. गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या हे भरतात, नाव वाचून, मोठ्याने. आणि दुपारचा स्वयंपाक ह्यांचा. वरण, भात, एक पालेभाजी. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच हळद घालायचे, आता तडतडेपर्यंत थांबतात. वरण गेल्या गुरुवारी इतकं चांगलं झालं होतं की मी वाटी पुन्हा भरून घेतली.

एकच अडचण निघाली आहे. कुकरच्या शिट्ट्या ह्यांना ऐकू येत नाहीत. सुरुवातीला वाटलं लक्ष नसेल. मग मी मुद्दाम पाठीमागे उभं राहून पाहिलं: शिट्टी झाली, हे शांतपणे कोथिंबीर निवडत होते. दाराची घंटाही कधीकधी निसटते, हे तेव्हा लक्षात आलं, आणि पुराच्या रात्री मी खालून काय ओरडत होते तेही ह्यांना अर्धंच पोचलं असणार. येत्या बुधवारी रावपुऱ्यात कान तपासायला जायचंय. यंत्र लागलं तर लावीन, असं हे म्हणालेत. तोवर गुरुवारी कुकर गॅसवर असेतो मी ओट्याशी उभी राहते.